नाकावरची घंटा

आमच्या स्टुडिओने त्या वर्षी आपले सगळे तारे एकाच चित्रपटात कोंबायचं ठरवलं, आणि त्यांच्या पायांशी नाचायला आम्ही साठ मुली लागलो. मुली म्हणायचं आपलं. माझी तिशी उलटली होती आणि लेनोर फिच माझ्याहून वर्षभरानेच लहान होती. पण नाचाच्या रांगेत उभी आहे तोवर बाई मुलगीच असते. रांगेतून काढली की एका दुपारीत म्हातारी होते.

त्या चित्रपटाला गोष्ट अशी नव्हतीच. एक विनोदी नट यायचा, पडदा बाजूला सारायचा आणि म्हणायचा, बघा कोण आलंय. मग कोणीतरी यायचं. खुनी दरोडेखोराची कामं करणारा धिप्पाड नट अंगाईगीत म्हणायचा, रडक्या भूमिका करणारी बाई केळीच्या सालीवरून घसरायची. करारात अडकलेलं एकही माणूस सुटलं नाही. आणि शेवटी चौदाच्या चौदा तारे घरापेक्षा उंच अशा लग्नाच्या केकवर उभे राहणार, केक गोल फिरणार, खाली काळ्या चकचकीत फरशीवर आम्ही साठ जणी साखरेची फुलं होऊन नाचणार. देशात लोक पावासाठी रांगा लावत होते आणि आमच्याकडे प्लॅस्टरचा केक फिरत होता. मला त्याची लाज वाटायची नाही. पाव आम्हालाही हवाच होता, आणि तो त्या केकमधूनच मिळत होता.

आमचे नृत्यदिग्दर्शक मिस्टर हॅस्केट. बुटका माणूस, गळ्यात शिट्टी, तोंडात कधी न पेटवलेली सिगार. त्यांनी आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखे पांढरे केस चढवले, भुवया भादरून एकाच मापाने रंगवायला लावल्या, ओठांना एकाच डबीतला रंग. "मला साठ बायका नकोत," ते म्हणायचे, "मला एकच बाई साठ वेळा हवीय." आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं. एकीने केलं तर ती चूक, साठ जणींनी केलं तर तो नाच. हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की ते बोलायला तोंड उघडायचे आणि मागच्या ओळीतल्या मुली ओठ हलवून ते वाक्य पुरं करायच्या.

लेनोरला मात्र त्या साठांत एकटं दिसायचं होतं. निदान एका माणसाला तरी.

ते माणूस म्हणजे तिची आठ वर्षांची मुलगी, ऑगस्टा. आम्ही सगळ्या तिला गसी म्हणायचो, जशी काही ती आमच्याच मांडीवर वाढली होती. प्रत्यक्षात आमच्यातल्या एकीनेही तिला पाहिलेलं नव्हतं. लेनोरचा नवरा नेब्रास्कात धान्याच्या कोठारावरून पडून गेला, तेव्हा गसी चार वर्षांची होती. लेनोर पोट भरायला इकडे आली आणि पोर आजीकडे राहिली. थोड्या दिवसांसाठी म्हणून राहिली आणि चार वर्षं झाली. गाडीभाडं जमलं की लेनोर जाऊन यायची, पण ते दरवर्षी जमायचंच असं नाही.

मागच्या नाताळात ती गेली होती, आणि परत आली ती तोंड पाडूनच.

"मला मॅडम म्हणाली, बर्डी," तिने मला सांगितलं. आम्ही कपडे बदलत होतो. "मी भेटवस्तू दिली तर म्हणते, थँक यू मॅडम."

"पोरं असतात तशी. लाजली असेल."

"लाजली नव्हती. शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी बोलली. तिला वाटतं मी तिला विसरले. आणि मी म्हटलं, अगं मी सिनेमात असते, तर म्हणते, मी दोन सिनेमे पाहिले, तुम्ही कुठेच नव्हता."

नव्हती कशी, होतीच. एकात ती कारंज्यामागे होती आणि दुसऱ्यात पियानोच्या आत.

सासूने तेव्हा लेनोरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोरीला मी बांधून ठेवत नाही. पुढच्या सिनेमात तिने तुला ओळखलं आणि आपणहून म्हणाली की आईकडे जाते, तर खुशाल घेऊन जा. नाहीतर मग दर वेळी येऊन तिला ढवळून जाऊ नकोस, तुझ्यामागे आठ-आठ दिवस ती जेवत नाही. मला त्या म्हातारीचा राग यायचा, पण लेनोर तिला कधी वावगं बोलू द्यायची नाही. "त्यांचा एकुलता एक मुलगा गेला," ती म्हणायची, "गसीचं हसणं अगदी त्याच्यासारखं आहे."

निघताना लेनोर पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, या वेळी मी पडद्यावरून तुला घंटा वाजवीन.

ही घंटा आमच्या सगळ्या कपडेखोलीला तोंडपाठ होती. गसीला गोवर झाला होता तेव्हा डॉक्टरांनी खोलीत अंधार करून ठेवायला सांगितलं होतं. पोर अंधाराला घाबरायची. मग लेनोर तिच्याशेजारी पडून राहायची, आणि गसी चाचपडत तिचं नाक शोधून बोटाने दाबायची. टिंग. लेनोर विचारायची, "कोण आलंय?" गसी म्हणायची, "मी आलेय." "मग आत या ना," म्हणून लेनोर पांघरूण वर करायची. एवढाच खेळ. पण गोवर गेला तरी तो राहिला.

तर लेनोरने ठरवलं होतं, की नाचात एका क्षणी आपलं नाक दाबायचं. पोर ते बघेल आणि साठांतून तिला ओळखेल.

शेवटच्या नाचाचं चित्रण चार दिवस चाललं. ताऱ्यांनाच तेवढे जवळून टिपायचे होते. करारात तसं लिहिलेलं असायचं, आणि चौदा जणांची तोंडं आटपता आटपता आमच्यासाठी जागाच उरली नाही. आमचा चेहरा दिसायचा तो एकदाच. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आम्ही कमरेतून मागे वाकायचो, हात पाकळ्यांसारखे पसरायचो आणि छताकडे बघायचो, कारण कॅमेरा तिथे एका पाळण्यात टांगलेला होता. मिस्टर हॅस्केटही त्याच पाळण्यात बसलेले. दोन ठोके वर बघायचं की पुन्हा खाली. लेनोरच्या हातात एवढेच दोन ठोके होते.

शेवटच्या दिवशी सगळे तारे केकवर चढले. टोकावर मिस व्हिव्हियन कॅरो, आमच्या स्टुडिओची महाराणी. तिला उंचीची इतकी भीती, की झग्याच्या आतून कमरपट्ट्याने तिला खांबाला बांधून टाकलेलं. ती हसत होती खरी, पण ते हसू दातदुखीवाल्या माणसाचं होतं. आम्ही बुटांवरचे जाड लोकरी मोजे काढले. फरशीवर ओरखडा उठू नये म्हणून ते शेवटच्या क्षणापर्यंत घालावे लागायचे. शिट्टी झाली. गाणं आधीच भरून ठेवलेलं असायचं आणि भोंग्यातून वाजायचं, त्यामुळे नाचताना काही बोललं तरी चित्रात ते ऐकू येत नसे. आम्ही दात न उघडता हसऱ्या चेहऱ्याने काय काय बोलायचो, ते प्रेक्षकांना कळलं असतं तर सेन्सॉरला फेफरं आलं असतं.

दुसऱ्या कडव्याशी आम्ही मागे वाकलो आणि लेनोरने नाक दाबलं.

शिट्टी कर्कश वाजली. "थांबा! कोणाच्या नाकावर माशी बसली?" हॅस्केट वरून ओरडले.

कोणी हललं नाही.

"चौथ्या ओळीत होतं. की तिसऱ्या?" ते पाळण्यातून वाकून बघत होते. पण बघतात तर खाली सगळीकडे तेच केस, त्याच भुवया, तेच ओठ. एक बाई साठ वेळा हवी होती ना, मग आता शोध बाबा त्या एकीला. मला हसू आवरेना. चूक होती तर त्यांची होती.

"ठीक आहे. आता पुन्हा माशी दिसली, तर ओळच्या ओळ घरी जाईल. आणि मी विनोद करत नाहीय."

ते करत नव्हतेच. आमच्या ओळीत रोझाली होती, तिच्या घरी नवऱ्याचा पाय प्लॅस्टरात. कोपऱ्यावरची आयडा आईला पोसत होती. लेनोर माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही करणार. तुम्हा सगळ्यांचं काम जाईल, बर्डी. नाही करणार मी."

पुन्हा गाणं लागलं. या वेळी सगळं बिनचूक झालं. आम्ही मागे वाकलो, हात पसरले, हसलो. माझ्या शेजारी लेनोरही हसत होती, आणि तिचे डोळे वाहत होते. मागे वाकलेलं असल्यामुळे पाणी गालांवर न येता कानांकडे जात होतं. तसलं रडणं मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

"छान!" हॅस्केट म्हणाले. "आणखी एक घेऊन ठेवू. हाताशी असू दे."

ही आमच्याकडची रीतच होती. चांगलं झालं तरी आणखी एक घ्यायचं, फिल्म धुताना बिघडली तर असू दे म्हणून. मी लेनोरचे ओले कान बघितले आणि माझं डोकं फिरलं. गाणं सुरू झालं, पाय सुरू झाले, आणि मी हसऱ्या चेहऱ्याने, दात न उघडता डावीकडच्या रोझालीला म्हटलं, "घंटा. सगळ्यांनी. पुढे सांग."

"वेड लागलंय का तुला?" रोझाली हसत हसत म्हणाली.

"साठ जणींना काढणार आहेत का ते? आज? मिस कॅरोला खांबाला बांधून ठेवून? सांग पुढे."

रोझालीने गिरकी घेतली आणि पुढच्या मुलीच्या कानाशी गेली. निरोप ओळीतून ओळीत गेला. मी तो जाताना बघत होते. एकेक पांढरं डोकं जरासं कलायचं आणि सरळ व्हायचं. लेनोर पलीकडच्या वळणावर होती, तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. दुसरं कडवं संपलं. आम्ही मागे वाकलो, आणि साठ बायकांनी एका ठोक्यात उजव्या हाताची बोटं नाकांवर ठेवली. टिंग. एकसष्टावी कोणी नव्हती म्हणून, नाहीतर तिनेही ठेवलं असतं. साठावं बोट लेनोरचं, घाईघाईने, शेवटच्या क्षणी ठेवलेलं.

शिट्टी झाली नाही. मग केकच्या टोकावरून आवाज आला. मिस कॅरो हसत होती. भीती विसरून, तोंड उघडं टाकून, खांबाला टेकून खदखदून हसत होती. गाणं संपेस्तोवर ती हसतच राहिली.

हॅस्केट पाळण्यातून उतरले आणि आमच्यासमोरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.

"हे कोणी बसवलं?"

"तुम्हीच, मिस्टर हॅस्केट," मी म्हटलं. "एकीने केलं तर ती चूक."

मागच्या ओळीतून कोणीतरी बारीक आवाजात वाक्य पुरं केलं. त्यांनी सिगार एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली आणि म्हणाले, "मोजे घाला. फरशी खराब होतेय."

आम्हाला वाटलं, हे चित्रण कचऱ्यात जाणार. पण आमच्याकडे फिल्म निवडायची ती ताऱ्याचं तोंड बघून. वरच्या साहेबांनी तिन्ही वेळची फिल्म पाहिली, आणि ज्यात मिस कॅरो खरीखुरी हसत होती तीच ठेवली. आमची नाकं त्या हसण्याबरोबर फुकटात गेली. बातमी आली तेव्हा कपडेखोलीत नुसता गोंधळ. आयडाने लेनोरला उचलून गरागरा फिरवलं.

खाली ठेवल्यावर लेनोर मला म्हणाली, "बर्डी, पण आता ती मला ओळखणार कशी?"

माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. आणि खोलीतल्या एकीच्याही नाही.

चित्रपट नेब्रास्कात पोचला तेव्हा लेनोरला सुट्टी मिळाली. एकटी जायची तिला छाती होईना, म्हणून मीही गेले. म्हातारीने आमच्यापुढे गरम ॲपल-पाय आणि कॉफी ठेवली. बाई ताठ होती, पण हाताला चव होती. गसी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून आमच्याकडे बघत होती. लालसर केस, आईचे. हनुवटी कोणाची ते म्हातारीलाच ठाऊक.

"प्रवास बरा झाला का, मॅडम?" तिने लेनोरला विचारलं.

"बरा झाला," लेनोर म्हणाली, आणि बशीतला ॲपल-पाय काट्याने चिवडत राहिली.

शनिवारचा दुपारचा खेळ होता. आम्ही चौघी एका रांगेत बसलो. लेनोर, मी, म्हातारी आणि पलीकडे गसी. खुनी दरोडेखोराने अंगाई म्हटली, बाई सालीवरून घसरली, सगळं थिएटर हसलं, आमच्यापैकी कोणी हसलं नाही. लेनोरने माझा हात असा आवळला होता, की माझी अंगठी रुतत होती. मग केक आला. आम्ही आलो. मी स्वतःला शोधलं आणि मला मी सापडले नाही. स्वतःलाच नाही, तर त्या पोरीला काय सापडणार?

दुसरं कडवं संपलं. पडदाभर एक फूल उमललं आणि साठ नाकांवर साठ बोटं गेली.

गसी उठून उभी राहिली. मागचा माणूस खेकसला, "ए पोरी, खाली बस." ती बसली नाही. फूल मिटलं, मिस कॅरो हसली, चौदा ताऱ्यांनी हात हलवले, दिवे लागले. लोक टोप्या घालत बाहेर पडायला लागले. आम्ही तशाच बसून.

"ओळखलंस?" म्हातारीने विचारलं. तिने ते मुद्दाम खवचटपणे नव्हतं विचारलं, उलट आवाज हळू होता.

गसी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "सगळ्या सारख्याच होत्या."

लेनोरने मान खाली घातली. माझा हात तिने सोडून दिला. ती आता कोट उचलेल, गाडीची वेळ विचारेल आणि पुन्हा इथे येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"पण घंटा सगळ्यांनी का वाजवली?" गसीने विचारलं. ती आता आमच्यासमोर येऊन उभी राहिली होती. "ती तर आपली होती."

"मी एकटीने वाजवली, तर साहेब रागावले," लेनोर म्हणाली. "म्हणाले, पुन्हा केलंस तर काढून टाकू. मग या सगळ्यांनी माझ्याबरोबर वाजवली. तुला दिसावी म्हणून."

गसीने विचार केला. "म्हणजे त्यांना घंटा माहितीय?"

"हो."

"मग मी पण माहितीय? त्या सगळ्यांना?"

लेनोरने नुसती मान हलवली. मग मीच बोलले. मला आता गप्प बसवतच नव्हतं. "तू? अगं बये, तुझा गोवर आधी कुठे उठला तेही आम्हाला माहितीय. कानामागे. तुला गाजर आवडत नाही, आणि तू मांजराचं नाव जनरल ठेवलं होतंस. चार वर्षं ही बाई आम्हाला दुसरं काही ऐकू देत नाही. आमचे कान किटले तुझ्या गोष्टी ऐकून!"

"जनरल माहितीय?" गसी म्हणाली.

"तो विहिरीत पडला होता आणि तुझ्या बाबाने बादलीतून वर काढला, तेसुद्धा."

बाबाचं नाव निघालं तशी म्हातारीने तोंड फिरवलं आणि रुमाल शोधायला लागली. गसी आईकडे बघत राहिली. आजीने आणि जगाने काहीही सांगितलेलं असो, आपल्याला विसरलेली बाई साठ लोकांना मांजराचं नाव सांगत नाही, एवढं आठ वर्षांच्या पोरीला कळतं.

"फार मोठ्याने वाजली," ती शेवटी म्हणाली. "बहिऱ्यालाही ऐकू गेली असती."

मग तिने हात पुढे केला आणि लेनोरचं नाक दाबलं.

लेनोरने तो हात धरून गालाशी लावला. गसीने वाट पाहिली. मग जरा रागावून पुन्हा दाबलं. "विचार ना!"

"कोण आलंय?" लेनोर म्हणाली.

"मी आलेय, ममा."

लेनोरने कोटाची बाजू वर केली आणि पोर आत शिरली. झाडूवाला रांगांमधून आमच्यापर्यंत आला, आम्हाला बघून थांबला आणि दुसऱ्या टोकाकडून झाडायला लागला.

म्हातारी उठली. तिने गसीची टोपी उचलली, त्यावरची मक्याची लाही झटकली, आणि कोणाकडेही न बघता मला विचारलं, "गाडी किती वाजता आहे? पोरीच्या लोकरी कोटाची बटणं सैल झालीत, ती निघायच्या आधी तेवढी लावून देते." तिचा आवाज ठीक होता, पण टोपी ती झटकतच राहिली, लाही कधीच पडून गेली होती तरी. मी पुढे झाले. का ते मला अजून सांगता येणार नाही, मी काही तसली बाई नाही. पण मी त्या ताठ म्हातारीच्या नाकावर बोट ठेवलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आता थोबाडीत बसते. मग कोटाच्या आतून गसीचा आवाज आला, "आजी, विचार ना!"

"कोण आलंय," म्हातारी म्हणाली.